भिंतीपासून अंतर

भेगा मोजणं हा माझा धंदा आहे. कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी "भेगा मोजते" म्हटलं, की समोरच्याला वाटतं बाई चेष्टा करतेय. पण घराच्या भिंतीला भेग गेली की मालकाला दोनच प्रश्न पडतात. ती वाढतेय का, आणि कुणामुळे? पहिल्याचं उत्तर मी देते. भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी चिकटवायची, तिच्यावर तारीख घालायची आणि वाट बघायची. भिंत हलली तर काच तडकते. काचेला कुणाची भीड नसते.

या कामाचं मला वेड आहे, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे जे झालं त्यात त्या वेडाचा मोठा हात आहे. नवी भेग म्हटलं की मला शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी व्हायचं तसं होतं, जेवण सुचत नाही, एका जागी बसवत नाही. माझ्या ताईचे यजमान, भाऊजी, तर मला पूर्वीपासून 'एक्स्प्रेस' म्हणायचे. ते बसची वेळापत्रकं आखायचे, तीस वर्षं, त्यामुळे त्यांच्या तोंडी ते शोभायचंही.

ताईचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका जिन्याखाली आडवी पडून बॅटरी मारत होते.

"मागच्या खोलीच्या भिंतीला चीर गेलीय," ती म्हणाली. "ये."

"किती लांब? सरळ आहे की पायऱ्यापायऱ्यांची?"

"आधी ह्यांची तब्येत विचार. मग चिरेची विचार."

मी ओशाळले आणि विचारली. तब्येत होती तशीच होती. दोन वर्षांपूर्वी भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा शाबूत राहिला. तेव्हापासून ते मागच्या खोलीत पलंगावर, आणि ताई त्यांच्याजवळ. रोज सकाळी ती चहाचा कप बाजूला ठेवून त्यांचा डावा हात हातात घेते, आणि त्यांनी तिचा हात सोडला तरच तिला बाकीची कामं करता येतात. कधीकधी तो दहा-दहा वाजेपर्यंत सुटत नाही.

ताईचं घर बैठं, तीन खोल्यांचं. पुढे रस्ता, मागे लांबट अंगण, आणि अंगणात ते झाड. दोघांनी कवेत घ्यावा एवढा बुंधा, राखाडी साल, आणि छपराच्या खूप वर जाऊन पसरलेल्या फांद्या. ठरावीक घेरापेक्षा मोठं, म्हणून संरक्षित. बुंध्यावर उद्यान खात्याची पत्र्याची पाटी होती, क्रमांक ११४. अशा झाडाची फांदी तोडायची तरी परवानगी लागते. झाडच काढायचं असेल तर ते भिंत पाडतंय हे वृक्ष समितीपुढे सिद्ध करावं लागतं. ताईनं अर्ज केला होता. सुनावणीला दोन आठवडे होते.

"आणि सिद्ध नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर भिंत धोकादायक म्हणून घर खाली करायचं. दुरुस्ती होईपर्यंत तीन-चार महिने." ताईनं आवाज खाली आणला. "भाड्याच्या जागेत असा माणूस कोण घेतं? ह्यांना संस्थेत ठेवावं लागेल. तिथे रात्री नातेवाईकांना थांबू देत नाहीत. मी ह्यांना संस्थेत टाकणार नाही. तू काय वाटेल ते कर, पण झाडावर शाबीत कर."

मी म्हटलं, झालंच समज. असं मी सगळ्यांनाच म्हणते, पण इथे मनापासून म्हटलं.

भेग मोठी देखणी होती. भाऊजींच्या पलंगाच्या उंचीवर सुरू होऊन वर जात होती, विटांच्या सांध्यासांध्यांतून, पायऱ्यापायऱ्यांनी. मी आतून तीन आणि बाहेरून तीन काचा लावल्या. रुंदी घेतली. आत एक मिलिमीटर, बाहेर चार. इथे मी थबकायला हवं होतं. बाहेरून रेटलेली भिंत आत फुगते, आणि मग भेग आतल्या अंगाला रुंद असते. इथे उलटं होतं, म्हणजे रेटा आतून होता. मी ते वहीत लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं.

मग झाड आणि भिंत यांच्यातलं अंतर. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की जे हलत नाही तिथून मोजायचं. संरक्षित झाडाला खिळा ठोकणं गुन्हा आहे, पण खात्यानंच नंबराची पाटी ठोकून ठेवली होती. मी खूश झाले. पाटीच्या वरच्या खिळ्यापासून भिंतीतल्या एका पितळी स्क्रूपर्यंत फीत ताणली. दोन मीटर एकशेचाळीस मिलिमीटर.

तिसऱ्या दिवशी गेले. दोन मीटर एकशेएकतीस.

मी तीनदा मोजलं. नऊ मिलिमीटर. तीन दिवसांत नऊ म्हणजे घर धावत सुटलंय. आणि काचा? सहाच्या सहा धड. म्हणजे भिंत भेगेपाशी न उघडता, पायासकट, अख्खीच्या अख्खी झाडाकडे सरकली होती. असं मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला अंगणात नाचावंसं वाटलं. खरं सांगायचं तर थोडी नाचलेही. आतून भाऊजी खिडकीतून बघत होते, माझ्याकडे नाही, माझ्या मागे.

सहाव्या दिवशी दोन मीटर एकशेअठरा. मी थेट उद्यान खात्यात फोन केला आणि चाचणीचा खड्डा मागितला. तो हट्ट माझा होता, ताईचा नव्हता. भिंतीच्या पायाशी मूळ सापडलं की प्रकरण संपलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खात्याचे जे साहेब आले त्यांना मी मनातल्या मनात झाडसाहेब म्हणत असे. शर्टाच्या खिशात घडीचं भिंग, बोलणं मऊ, आणि झाडांची बाजू घ्यायची वेळ आली की गडी एकदम हातघाईवर. आमची जुनी खुन्नस होती. तीन प्रकरणांत त्यांनी मला हरवलं होतं.

मजुरांनी झाड आणि भिंत यांच्यामध्ये कमरेइतका खड्डा घेतला. मूळ नव्हतं. बोटाएवढं नाही, दोऱ्याएवढंही नाही. घट्ट, पिवळी, कधी कुणी न हलवलेली माती.

"निर्दोष," झाडसाहेब म्हणाले, आणि त्यांना आनंद लपवता आला नाही. त्यांनी खड्ड्याचे फोटो काढले, कागदावर लिहिलं, मला सही करायला लावली.

"मुळांशिवाय झाड उभं कसं राहील?" मी चिडून विचारलं.

"असतील ना दुसऱ्या अंगाला." ते झाडाला वळसा घालून पलीकडे गेले आणि घोट्यापर्यंत मातीत रुतले.

मी मागोमाग गेले. झाडाच्या मागे, घरापासून दूरच्या बाजूला, माती काळी आणि भुसभुशीत होती. तिचा एक पट्टा होता, बुंध्याच्याच रुंदीचा, सरळ मागे कुंपणापर्यंत गेलेला. मजुरानं त्यात पहार नुसती टेकवली तर ती स्वतःच्या वजनानं दोन हात खाली गेली. झाडसाहेबांनी बूट उपटून काढला आणि रुमालानं पुसत बसले. किती वेळ पुसत होते.

त्या संध्याकाळी मला सुचलं. घर सरकतंय हे मला कुणी सांगितलं? खिळ्यानं. आणि खिळा कुठे होता?

सकाळी सातला मी तिपाई आणि दुर्बीण घेऊन ताईच्या दारात. रस्त्यावरच्या गटाराचं लोखंडी झाकण आणि समोरच्या पुलाचा दगड, या दोन जागांवरून मी घराच्या चारी कोपऱ्यांच्या जागा मोजून पक्क्या केल्या. पालिकेच्या नकाशात हे घर जिथे होतं, तिथेच होतं, केसभरही इकडेतिकडे नाही. मग दुर्बीण पाटीच्या खिळ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी परत लावली.

झाड चार मिलिमीटर पुढे आलं होतं.

 भीती वगैरे काही नव्हती, एवढं नक्की सांगते. आनंद होता. माझ्या आयुष्यात, माझ्या दुर्बिणीत, माझ्या बहिणीच्या अंगणात हे घडत होतं. मी झाडसाहेबांना फोन लावला आणि एका दमात सगळं ओतलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "मी तासाभरात येतो. एक रजिस्टर घेऊन येतो."

ते वृक्षगणनेचं रजिस्टर होतं, दर पाच वर्षांनी भरायचं. आम्ही ते ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. ११४ चं पान. 'भिंतीपासून अंतर' असा एक रकाना असतो. पहिली नोंद बारा मीटर चाळीस. पाच वर्षांनी पुन्हा बारा चाळीस. पुढच्या नोंदीत आधीचा आकडा लाल शाईनं खोडून दहा नव्वद. मग आठ साठ. मग सहा मीटर. दर वेळी आधीचा आकडा खोडलेला आणि बाजूला शेरा: मोजणीतील चूक, दुरुस्त केली. खाली त्या त्या निरीक्षकाची सही. शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची, तीन मीटर पाच.

"ही सही माझी आहे," झाडसाहेब म्हणाले. "मी आधीच्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. तीन मीटरची चूक कोण करतं, म्हणून."

ताई चुलीपाशी उभी होती. "अलीकडे जवळ वाटायचं खरं," ती म्हणाली. "मला वाटलं बुंधा जाड झाला."

"तुम्ही या घरात कधी आलात?" झाडसाहेबांनी विचारलं.

"वीस वर्षं झाली."

मी रजिस्टरवरचं बोट सरकवलं. दोन्ही बारा चाळीस वीस वर्षांच्या आधीचे होते. खोडाखोड त्यानंतर सुरू झाली होती.  शेवटी ताईच म्हणाली, आणि इतक्या सहज म्हणाली की मला आधी त्याचा अर्थच लागला नाही.

"ह्यांच्या पलंगासारखंच झालं की मग. तोही सरकतो रोज."

"सरकतो म्हणजे?"

"चाकं आहेत त्याला. मी रात्री खोलीच्या मधोमध ठेवते, सकाळी भिंतीला चिकटलेला असतो. विटा लावून पाहिल्या चाकांना. विटांसकट सरकतो. म्हणून तर तिथलं प्लास्टर निघालंय."

मी उठून मागच्या खोलीत गेले. पलंगाची कड भिंतीला टेकली होती, बरोबर भेग जिथे सुरू होते तिथे. बाहेरून चार, आतून एक. माझ्या वहीतलं प्रश्नचिन्ह. भाऊजी झोपले नव्हते. त्यांचा डावा तळहात भिंतीवर सपाट ठेवलेला होता.

आता कुणीही शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. एक प्रयोग करून बघायचाच होता. मी म्हटलं, पलंग एक रात्र पुढच्या खोलीत ठेवू, रस्त्याच्या बाजूला. बघू काय होतं ते.

"नको गं," ताई म्हणाली. "त्यांना तिथून हलवलं की ते कासावीस होतात."

"एकच रात्र. झाड त्यांच्यामुळे हलतं हे कळलं तर समितीपुढे सांगता येईल काहीतरी."

काय सांगता येणार होतं? मला स्वतःला माहीत नव्हतं. पलंग दारातून काढताना भाऊजींनी डाव्या हातानं चौकट धरली. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "उद्या परत आणते, भाऊजी," म्हटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी मात्र फीत कुठे ठेवली ते आठवत होते. आज त्याची लाज वाटते.

सकाळी ताईनं दार उघडलं ते रडवेल्या तोंडानं. पुढच्या खोलीतला पलंग रस्त्याकडच्या भिंतीपासून निघून आतल्या भिंतीवर जाऊन आदळला होता. डोक्याकडची फळी चिरली होती.

मी अंगणात धावले.

पाटी जागेवर नव्हती. म्हणजे पाटी होती, पण माझ्या समोर नव्हती. बुंधा वळला होता. पाटी आता घराच्या कोपऱ्याकडे बघत होती, जिथून वळसा घालून पुढे रस्त्याकडे जाता येतं.

मी मोजलं. चाळीस मिलिमीटर. एका रात्रीत.

ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली.  ती म्हणाली, "परत आण त्यांना मागे. आत्ताच्या आत्ता."

आम्ही आणलं. पलंग मागच्या खोलीत येताच ते शांत झाले. संध्याकाळपर्यंत पाटी पुन्हा भिंतीकडे वळली होती.

सुनावणीत मी सगळं सांगितलं. आकडे, दुर्बीण, भुसभुशीत पट्टा, पलंग. मी बोलत गेले, माझा आवाज चढत गेला, हात हलत गेले. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून अगदी प्रेमानं विचारलं, "बाई, तुमची झोप होतेय ना नीट?" झाडसाहेबांकडे मी बघितलं. रजिस्टर तपासणीला गेलंय, असं ते म्हणाले, टेबलाकडे बघत. त्यांना दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं. खड्ड्याचा कागद मात्र त्यांनी पुढे ठेवला, माझ्या सहीसकट.

निकाल दहा मिनिटांत लागला. भिंतीखाली मुळं नाहीत, झाड निर्दोष. भिंत धोकादायक, घर आठ दिवसांत खाली करावं.

ताई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भाऊजींना संस्थेत सोडायला मीच गाडी घेऊन गेले. सहा किलोमीटर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसरा मजला, स्वच्छ खोली, मोठी खिडकी. खाली आवारात रांगेनं झाडं होती. ताईनं ती बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"चाकांचा पलंग नको," ती सिस्टरना म्हणाली. त्यांनी जमिनीत बोल्ट मारलेला पलंग दिला. नातेवाईकांना नऊ ते सहा. ताई नऊला दारात हजर असायची आणि सहाला तिला बाहेर काढावं लागायचं.

गवंडी आले, भिंत उतरवली, नवी चढवली. मी रोज अंगणात जायचे. कुणी बोलावलं नव्हतं, पण राहवेना. झाड नव्या भिंतीकडे येत नव्हतं. ते वळलं होतं आणि कुंपणाकडे निघालं होतं, दिवसाला चाळीस मिलिमीटर, सुतासारखं सरळ. दहाव्या दिवशी मी ती रेषा शहराच्या नकाशावर काढली. पट्टी संस्थेवर जाऊन टेकणार ते आधीच ठाऊक होतं, तरी टेकल्यावर मी ती पुन्हा एकदा लावून बघितली.

मग मी भागाकार केला.

सहा किलोमीटर, दिवसाला चाळीस मिलिमीटर. चारशे अकरा वर्षं.

मी अंगणातच बसले आणि हसत सुटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. चारशे वर्षांत काय ते झाड आणि काय आपण. सकाळचे साडेदहा झाले होते. ताई तिथेच असणार म्हणून मी लगेच फोन लावला.

"ताई, एक गंमत सांगते. काळजीचं काही नाही. झाड तुमच्याकडे निघालंय, पण पोचायला त्याला चारशे वर्षं लागतील."

ती हसली नाही. "कुठलं झाड?" तिनं विचारलं.

"कुठलं म्हणजे? आपलं. अंगणातलं."

"हं. ते."

मागे भांडं ठेवल्यासारखा आवाज आला आणि सिस्टर हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"ताई, काय झालं?"

"खोलीत अंधार आहे गं. दिवा लावलाय. परवापर्यंत या वेळी ह्यांच्या पांघरुणावर ऊन असायचं."

"ढग आले असतील."

"नाही. रस्त्यावर लख्ख ऊन आहे. मी सकाळी येताना बघितलं."

"मग पडदा ओढलाय का?"

"पडदा नाही ओढलेला. खिडकी उघडी आहे." ताई थांबली. तिचा आवाज इतका शांत होता की मी उभी राहिले. "आज ह्यांनी माझा हात घेतलाच नाही. सिस्टर मघापासून खिडकी लावायला बघतायत, पण मधे फांदी आलीय, आणि हे तिला सोडत नाहीत."